बगळा, एक नग

माणसाने जन्मभर अस्तर विणावं का? नीलाच्या मते याचं उत्तर ‘हो, आणि गप्प बसावं’ असं आहे. नीला माझी बायको. भिवंडीच्या नारपोलीतला आठ लूमचा गाळा तिच्या वडिलांचा, चालवते तीच, आणि लूमच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा साधा आवाजही शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जातो. मी विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि गाळ्यावर मदतीला जायला लागलो. मदत म्हणजे खुर्चीवर बसणं. पण खुर्चीवर बसणाऱ्या माणसालाही स्वाभिमान असतो.

भाचीच्या साखरपुड्यात एका गृहस्थांनी मला विचारलं, “तुमचं कापड बघायला कुठे मिळेल?” आता अस्तर बघायला कुठे मिळणार? मी प्रामाणिकपणे त्यांच्याच कोटाची बटणं सोडली आणि आतली बाजू उलटून त्यांना दाखवली. “हे बघा, असंच.” नेमक्या त्यांच्या सौभाग्यवती तिथे आल्या. मी त्यांच्या यजमानांचा कोट उतरवतोय आणि यजमान हात वर करून उभे आहेत, हे दृश्य बघून त्यांचा जो गैरसमज झाला तो जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकला. त्याच दिवशी मी ठरवलं की आपल्या लूमवर एक तरी कापड असं निघालं पाहिजे, जे माणूस बाहेरून घालेल.

“मोर टाका,” दाजी म्हणाले. दाजी आमचे समोरचे शेजारी. नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते, त्यामुळे पाणी सोडून सगळ्या विषयांत त्यांना गती आहे. “अवधूतराव, मोर कधी पडत नाही. पैठणीपासून पायपुसण्यापर्यंत बघा.”

“आपल्या लूमवर मोर काय, मोराचं पीससुद्धा उतरणार नाही,” नीला म्हणाली. “साधं पांढरं विणायचं आणि वर छापून घ्यायचं. तेवढंच होईल. पण छापणार काय?”

ते मला ठाण्याच्या एका प्रदर्शनात सापडलं. केसरीनाथ हा जवळच्याच मानकोलीचा चित्रकार. पन्नाशीचा, शेतकऱ्याच्या घरातला, आणि चित्रं काढतो ती सगळी खाडीची, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाची, खारफुटीची. एक चित्र दाराएवढं होतं. उतरतं पाणी, मागे खारफुटीची झुडपं, आणि चिखलात एका पायावर उभा असलेला एकच भुरा बगळा. चिखलाला इतके रंग असतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी तिथेच डोळे मिटले आणि तो चिखल एका दुपट्ट्यावर पसरलेला पाहिला. खाली चिठ्ठी होती, ‘विक्रीसाठी नाही.’ विमा कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘नाही’ हा शब्द ऐकू येत नाही. मी केसरीनाथचा पत्ता घेतला.

मानकोलीला त्याचं घर शोधताना मी गोदामांमध्ये तीनदा चुकलो. एका वॉचमनने तर मला पार्सल समजून रजिस्टरमध्ये नोंदवलं. घर सापडलं तेव्हा लक्षात आलं की ते आधीपासून तिथेच होतं, गोदामं त्याच्या अंगावर येऊन उभी राहिली होती. प्रदर्शन संपलं होतं आणि ते चित्र आतल्या खोलीत एका कॉटच्या पायथ्याशी टांगलेलं होतं. कॉटवर केसरीनाथची आई. अख्खं गाव तिला आक्का म्हणतं, केसरीनाथही. कॉटशेजारी खिडकी, आणि खिडकीबाहेर हात लावता येईल इतक्या जवळ गोदामाची पत्र्याची भिंत.

“बगला आला काय रं?” आक्काने विचारलं.

“बसलाय बघ, आक्का.” केसरीनाथने चित्राकडे बोट केलं.

तिने डोळे बारीक करून बघितलं. “आला. मग वाढ.”

बाहेर ओटीवर केसरीनाथ मला म्हणाला, “टिपणीस साहेब, खिडकीतून पूर्वी खाजण दिसायचा. बगला येऊन बसला का आक्का ताट घ्यायची. त्याच्या आदी कदीच न्हाय. माझा बाप उपाशी बसला तरी चालंल, पन बगल्याआदी घास न्हाय. मग गोदाम आला. भिंत झाली, बगला गेला, आनि हिने जेवनच सोडला. डॉक्टर झाले, देव झाले. ठाण्याच्या दवाखान्यात नळी घालून आनली. शेवटी ह्यो रंगवला. तवापासून जेवते. प्रदर्शनाला नेला तवा बी सलाईनवर होती.”

इतकं ऐकल्यावर कोणताही सभ्य माणूस चहा पिऊन उठला असता. मीही सभ्यच आहे. पण मी दाजींना सांगून बसलो होतो. आणि दाजींना सांगितलेली गोष्ट पूर्ण केली नाही, तर ते रोज गॅलरीतून विचारतात.

म्हणून मी सुरुवातीला फक्त मोबाइलवर फोटो मागितला. तो घेऊन हितेशकडे गेलो. हितेश म्हणजे मानकोलीचाच पोरगा, एका प्रोसेस हाउसचा तरुण मालक. कापड धुणं, रंगवणं, छापणं हे त्याचं काम. त्याने फोटो मोठा करून रुमालभर कापड छापून दिलं. बगळा ओळखू येत नव्हता. दाजींनी ते उलटं धरून “छान आहे, ढग का?” असं विचारलं.

“काका, ओरिजिनल लागंल,” हितेश म्हणाला. “एक दिवस द्या. स्कॅनर आहे ना आपल्याकडं मोठा. काम एकदम टॉप करून देतो.”

केसरीनाथ आधी नाहीच म्हणाला. मग मी कापडाच्या काठावर त्याचं नाव छापीन म्हणालो. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. मग मी गप्प बसलो, आणि गप्प बसल्यावर तो आपणहून म्हणाला, “जमिनीवर तर काय ऱ्हायला न्हाय. कापडावर तरी ऱ्हाईल. सकाळी न्या, साहेब. पन संध्याकाळच्या जेवनाला आना. दुपारी मी तिला सांगतो का भरती हाय, पानी उतरला का येईल. एक वेळ ऐकंल ती. दोन वेळा न्हाय ऐकायची.”

“संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी,” मी छातीवर हात ठेवून सांगितलं. विमा विकताना मी असाच हात ठेवायचो.

गुरुवारी सकाळी उघडा टेम्पो ठरवला. दाजी न बोलावता आले. चित्र टेम्पोत उभं केलं, दाजींनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. नाक्यावर कंटेनरच्या रांगेत आम्ही इतका वेळ उभे राहिलो की आसपासच्या ड्रायव्हरांना बगळा पाठ झाला. रांग सरकली आणि हवालदाराने अडवलं. महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते.

“बॅनर कुणाचा?”

“बॅनर नाही, चित्र आहे.”

“बगळा कुठल्या पक्षाची निशाणी?”

“अहो, कुठल्याच नाही!”

“म्हणजे अपक्ष. परवानगी दाखवा.”

मी कला या विषयावर दोन शब्द बोललो. ते बोलायला नको होते, कारण त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी बगळ्याचे पुढून, मागून, बाजूने फोटो काढले, वर पाठवले, आणि वरून उत्तर येईपर्यंत आम्ही उन्हात उभे. उत्तर आलंच नाही. शेवटी साहेबांनाच भूक लागली म्हणून सुटलो. पण पुढच्या नाक्यावरही बंदोबस्त दिसत होता.

“चौकट काढा आणि गुंडाळी करा,” दाजी म्हणाले. “गुंडाळलेल्या कापडाकडे भिवंडीत कुत्रंसुद्धा बघत नाही.”

हे मात्र खरं होतं. कॅनव्हास म्हणजे तरी काय, शेवटी कापडच. रस्त्याच्या कडेला दाजींनी पकडीने खिळे उपसले, मी गुंडाळी केली आणि वरून आमचंच अस्तर लपेटलं. पुढच्या नाक्यावर आम्हाला कुणी हात केला नाही. दाजी इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या पैशाने उसाचा रस पाजला.

प्रोसेस हाउसच्या गेटवर पोचेतो उन्हं कलली होती. खिडकीतल्या माणसासमोर कॉम्प्युटर होता. “माल क्या है?”

“चित्र.”

“चित्र का ऑप्शन नहीं है. कपडा, यार्न, केमिकल, भंगार. बोलो.”

मी पुन्हा कला या विषयाकडे वळणार होतो, पण दाजींनी पाय दाबला. “कपडा,” मी म्हणालो.

“कितना?”

“एकच.”

“एक नग. बेचने का, छापने का, के सॅम्पल?”

“सॅम्पलच म्हणा,” मी म्हणालो.

हितेश सुरतेला गेला होता. फोनवर म्हणाला, “टेन्शन नका घेऊ काका, रात्रपाळीवाल्यांना सांगून ठेवलंय. परवा घेऊन जा.”

“परवा? आज संध्याकाळी पाहिजे! निदान उद्या!”

“उद्या शुक्रवार ना काका.”

भिवंडीत शुक्रवारी सुट्टी. लूम बंद, प्रोसेस बंद, गेटला कुलूप. जगातल्या सगळ्या गावांना रविवार पुरतो, पण आमचं गाव वेगळं. माझ्या आयुष्यातला हा काही पहिला शुक्रवार नव्हता, तरी मी विसरलो. “गुंडाळी परत द्या,” असं मी गेटवर म्हणून बघितलं. माल आत चढला होता. बाहेर काढायचा तर मालकाची सही पाहिजे, आणि मालक सुरतेला.

संध्याकाळी केसरीनाथचा फोन आला. मी ‘ट्रॅफिक’ म्हणालो. शुक्रवारी सकाळी आला. मी ‘सुट्टी’ म्हणालो. शुक्रवारी दुपारी आला तेव्हा मी तो उचललाच नाही. मग नीलाने उचलला. तिचा आवाज मोठा, पण फोनवर ती एवढंच म्हणाली, “हो भाऊ. हो. उद्या मी स्वतः येते.” फोन ठेवून माझ्याकडे वळली. “त्या बाईने कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्हाला जेवण जातं कसं?”

मला जेवण जात होतं, हे खरं आहे. पण त्या क्षणापासून गेलं नाही.

शनिवारी सकाळी रिक्षात बसल्यावर नीलाने सहज विचारलं, “गेटपासवर काय लिहून दिलंत?”

“कापड, एक नग, सॅम्पल.”

नीलाचा चेहरा उतरला. “सॅम्पल? अहो, सॅम्पल लिहिलंत तुम्ही?”

आमच्या धंद्यात बाहेरून सॅम्पल आलं की पहिलं काम एकच, त्याला कात्री लावायची. एक तुकडा कार्डाला टाचायचा, एक रंगाच्या तपासणीला जायचा. त्यात विचारायचं काही नसतं. सॅम्पल म्हणजेच कापायचं कापड. सासरेबुवांनी आमच्या लग्नात आहेर आलेल्या शालीचा कोपरा भर मांडवात कापून खिशात टाकला होता आणि कुणाला काही वाटलं नव्हतं. कापडवाल्याच्या हातात कापड आलं की त्याची बोटं कात्रीसारखी हलायला लागतात. हे मला माहीत होतं. गाळ्यावर खुर्चीत बसून मी रोज तेच बघत होतो. पण माझ्या डोक्यात ते चित्र होतं, आणि बाकी सगळ्या जगाच्या डोक्यात ते कापड होतं.

हितेश हसत बाहेर आला. “काका, बघा काम!” त्याने टेबलावर नवंकोरं कापड पसरलं. चिखल तसाच, पाणी तसंच, खारफुटी तशीच, आणि बगळे. एका ओळीत बगळे, खालच्या ओळीत बगळे, काठाला बगळे. सगळे एका पायावर, सगळे एकाच दिशेला बघणारे. “मेन मोटिफ उचलला आणि रिपीट मारला. एकटा बगला काय चांगला दिसतो?”

“चित्र कुठाय?” नीलाने विचारलं.

त्याने कोपऱ्यातली गुंडाळी उघडली. खाजण होतं. पाणी होतं. मधोमध वहीच्या पानाएवढं चौकोनी भोक होतं आणि त्यातून हितेशच्या टेबलाची काच दिसत होती. खालचा एक कोपराही गेला होता. तो कार्डाला टाचलेला सापडला.

“आणि बगळा?” मी विचारलं.

“तो स्कॅन करून लॅबला गेला ना. रंग बघायला.”

लॅबमधले मास्टर भले माणूस. त्यांनी चिमट्याने एक ओला, मळकट, पांढरा तुकडा उचलून दाखवला. त्यावर काही नव्हतं. “रंग कच्चा है, साहब,” ते खेदाने म्हणाले. “गरम साबून में डाला, घिसा, तो पूरा छूट गया. जिसने बनाया उसको बोलना, ये माल बाजार में नहीं चलेगा.”

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, तरी बसलो. काय झालंय ते नीलाने हितेशला सांगितलं, आणि तो पोरगा पांढराफटक पडला. “काका, आपल्या मानकोलीची आक्का? मग चित्र हाय असा लिवायचा ना,” एवढंच म्हणत राहिला. कुठे लिहायचं होतं, बाबा?

घरी दाजी वाटच बघत होते. “गोंदाने चिकटवा,” त्यांचा सल्ला आला. “किंवा त्या भोकावर घड्याळ लावा. तेवढंच उपयोगी.” नीलाने त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा अर्धा टाकून गेले. मग तिने कार्डावरून सोडवलेला कोपरा जागेवर शिवला, नव्या कापडातून एक बगळा कापला, कडा आत मुडपल्या, आणि दाभणाने, दोऱ्याने, टाका न दिसेल असा त्या भोकावर बसवायला घेतला. कॅनव्हास जाड, सुई दोनदा बोटात गेली. ती सुई काढत होती, रडत होती आणि मला शिव्या देत होती, सगळं एकाच वेळी. “बाहेरून घालायचं कापड पाहिजे होतं तुम्हाला. घाला आता. घाला आणि मिरवा.” मी दोरा ओवून देत होतो.

लांबून खरंच कळत नव्हतं. जवळून बगळा थोडा जास्त चकाकत होता, एवढंच. चौकट पुन्हा ठोकून आम्ही दुपारनंतर मानकोलीला पोचलो. वाटेत मी तीन वाक्यांचं दिलगिरीचं भाषण तयार केलं होतं. केसरीनाथ दारातच उभा होता. दाढी वाढलेली. त्याने चित्रावरचं अस्तर बाजूला केलं आणि सरळ बगळ्यावर हात ठेवला. चित्रकाराच्या हाताला काय कळायचं ते कळलं. त्याने बोट कडेवरून फिरवलं, टाक्याटाक्यावरून. मी भाषण सुरू केलं.

“नंतर सांगा,” तो म्हणाला. “कुनी शिवला?”

“मी,” नीला म्हणाली.

“चांगला शिवलाय, वहिनी. आता आदी लावू या.”

त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी शिवी खायला तयार होऊन आलो होतो.

आक्का दोन दिवसांत निम्मी झाली होती. केसरीनाथने चित्र खिळ्याला अडकवलं, पेजेची वाटी घेतली आणि तिच्या उशाशी बसला. “आक्का, पानी उतरला. बघ, कोन आलाय.”

तिने डोळे उघडले. बारीक केले. चित्राकडे बराच वेळ बघितलं. मी नीलाचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला नाही.

“ह्यो न्हाय,” आक्का म्हणाली.

“तोच हाय, आक्का.”

“न्हाय रं. आपला उडाला.” तिचा आवाज अगदी साधा होता, त्यात ना राग ना काही. “त्याच्या जागेवर दुसराच कोन येऊन बसलाय.”

बाहेर गोदामात कुणीतरी ट्रक मागे घेत होता, त्याचा पीं पीं आवाज येत राहिला.

“त्याला उठवू का?” मी विचारलं. का विचारलं ते मला सांगता येणार नाही.

“कशाला?” आक्का म्हणाली. “आता उठवून काय. बसूं दे. लांबून आला असंल.” तिने पेजेच्या वाटीकडे मान केली. “त्याला दे आदी. नवा हाय, भुकेला असंल.”

केसरीनाथला उठवेना. म्हणून मी वाटी घेतली. विमा कंपनीत सन्मानाने निवृत्त झालेला, आठ लूमच्या गाळ्याचा अर्धा मालक असा मी, एका कापडी बगळ्याच्या चोचीसमोर पेजेची वाटी धरून उभा राहिलो. खोलीत कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

“खातो काय?” तिने विचारलं.

“खातोय,” मी म्हणालो.

“मग झाला.” आक्काने कूस बदलली आणि पत्र्याच्या भिंतीकडे तोंड केलं.

केसरीनाथने दुसऱ्या दिवशी वाटी नेली, तिसऱ्या दिवशी नेली, डॉक्टरही आणला. डॉक्टर नळी घालायला लागला तेव्हा तिने हाताने बाजूला केली. बगळा आला का, असं तिने पुन्हा एकदाही विचारलं नाही. केसरीनाथ जवळ वाटी घेऊन बसला की ती वळूनही न बघता म्हणायची, “माझा वाटा पन त्यालाच दे.”